वय आणि कसब एकाच कागदावर: लहान कारखान्याने मनुष्यबळाची नोंद कशी ठेवावी

मकरपुरा, वाघोडिया किंवा पोर या भागांतल्या कोणत्याही लहान कारखान्यात जाऊन मालकाला त्याची मुख्य अडचण विचारली, तर पहिले उत्तर ठरलेले असते: "माणसे मिळत नाहीत." बडोद्यातल्या वीस ते ऐंशी कामगारांच्या कारखान्यांची हजेरी, पगारपत्रक, पीएफ आणि भरती ही कामे मी गेली बावीस वर्षे पाहतो आहे, आणि माझ्या मते हे उत्तर निम्मेच खरे आहे. फाटकावर 'हेल्पर पाहिजे' अशी पाटी लावली की दोन दिवसांत कोणीतरी येऊन उभे राहते. जो येत नाही, तो चार जबड्यांच्या चकमध्ये वाकडातिकडा जॉब डायल लावून मध्यावर आणणारा टर्नर, किंवा पातळ स्टेनलेस नळीला आतून-बाहेरून स्वच्छ शिवण देणारा टिग वेल्डर. असा माणूस कारखान्यात बहुधा एकच असतो, आणि तो अठ्ठावन्न वर्षांचा होत आला आहे हे मालकाच्या लक्षात पीएफचा अर्ज टेबलावर आला की येते.

हे मार्गदर्शन अशा मालकांसाठी आणि वडिलांच्या मागे आता ऑफिसात बसू लागलेल्या त्यांच्या मुलामुलींसाठी आहे. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. एक मोठा कागद, एक दुपार आणि नंतर दर तीन महिन्यांनी एक तास एवढे पुरते.

ही अडचण बडोद्यात आत्ताच का दाटून आली आहे, हे आधी समजून घ्यावे. जीआयडीसी (गुजरातचे औद्योगिक विकास महामंडळ) आणि जीएसएफसी (खतांची कंपनी) या दोन्ही १९६२ च्या. कोयलीची रिफायनरी १९६५ ची. आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी १९६९ ची. या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने पुढच्या दोन दशकांत शहराभोवती पंप, व्हॉल्व्ह, टाक्या आणि ट्रान्सफॉर्मरचे भाग बनवणारे शेकडो लहान कारखाने उभे राहिले. त्यांत १९८५ ते १९९० च्या सुमारास अठरा-वीस वर्षांची जी मुले लेथवर उभी राहिली, ती १९६५ ते १९७२ च्या दरम्यान जन्मलेली. म्हणजे २०२३ ते २०३० या सात वर्षांत ती सगळी अठ्ठावन्न ओलांडणार. जी पिढी एकत्र आत आली, ती एकत्रच बाहेर पडते. मी पाहिलेल्या बहुतेक कारखान्यांनी नव्वदीच्या उत्तरार्धानंतर कायम भरती जवळजवळ थांबवली आणि ठेकेदारामार्फत माणसे घेतली, त्यामुळे चाळिशीतली मधली फळीच विरळ आहे. वर पिकलेले केस, खाली मिसरूड फुटलेली मुले आणि मध्ये पोकळी, असे चित्र तयार झाले आहे.

देशाच्या आकड्यांतून ही पोकळी दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत साठ आणि त्यावरील वयाचे लोक ८.६ टक्के होते, म्हणून आपला देश तरुण आहे असे आपण म्हणतो आणि ते चूकही नाही. २०१७ पासून होणारे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण रोजगाराची आणि बेरोजगारीची स्थिती सांगते. परंतु तुमच्या शेडमध्ये दहा मिलिमीटर जाडीची प्लेट रोल करणारी माणसे किती आणि त्यांची वये काय, हे कोणतेही सर्वेक्षण सांगू शकत नाही. ती माहिती फक्त तुमच्या हजेरीपटात आहे, आणि तीही अर्धीच.

सुरुवात वयापासून करावी. प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख आणि रुजू झाल्याचे वर्ष लिहावे; ठेकेदाराच्या माणसांनाही वगळू नये, कारण काम तेही करतात. जन्मतारीख लिहिताना आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि पीएफची नोंद या तिन्ही एकमेकांशी ताडून पाहाव्यात. जुन्या माणसांच्या कागदांवर १ जून ही तारीख इतक्यांदा भेटते की एखाद्या कारखान्यात निम्म्या लोकांचे वाढदिवस एकाच दिवशी साजरे करता येतील. मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकलेली असते. हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नव्हे, कारण पेन्शनचे अठ्ठावन्नावे वर्ष पीएफमधल्या तारखेवर मोजले जाते, आणि ती चुकीची असेल तर माणूस नोकरीत असतानाच मालक-कामगारांच्या संयुक्त अर्जाने दुरुस्त करून घेणे सोपे जाते. निवृत्तीनंतर त्याच दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात.

दुसरी बाजू कसबाची. इथे बहुतेक जण 'टर्नर', 'फिटर', 'वेल्डर' असे हुद्दे लिहून मोकळे होतात आणि तक्ता तिथेच निकामी होतो. हुद्दा लिहू नये, काम लिहावे: शाफ्टवर बेअरिंगची बैठक काढणे, इम्पेलर बॅलन्स करणे, सीएनसीवर नवा प्रोग्राम बसवून पहिला नग पास करणे, जुन्या लेथच्या बेडला निळा लावून स्क्रेपिंग करणे, ग्राहकाच्या इन्स्पेक्टरसमोर हायड्रो टेस्ट उभी करणे. तीस-चाळीस माणसांच्या कारखान्यात अशी पंधरा ते पंचवीस कामे निघतात. ती तक्त्यात आडवी आणि माणसे उभी लिहून प्रत्येक चौकटीत शून्य ते चार यांपैकी एक आकडा टाकावा. शून्य म्हणजे येत नाही; एक म्हणजे कोणाच्या नजरेखाली करतो; दोन म्हणजे नेहमीचे काम एकट्याने करतो; तीन म्हणजे काम बिघडले तर कारण शोधून सावरतो; चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. दोन आणि तीन यांतले अंतर सर्वांत मोठे आहे, आणि कारखान्याचे खरे भांडवल त्या अंतरात असते.

आकडे सुपरवायझरने एका कागदावर आणि कामगाराने स्वतःसाठी दुसऱ्या कागदावर द्यावेत, मग दोन्ही शेजारी ठेवावेत. जिथे फरक पडेल तिथे वाद न घालता एक जॉब लावून पाहावा. पहिल्या वर्षी या आकड्यांचा पगाराशी काहीही संबंध नाही, हे सर्वांना जमवून स्पष्ट सांगावे आणि तो शब्द पाळावा. एका कारखान्यात तक्ता लावल्याच्या पुढच्याच महिन्यात मालकाने त्यावरून बोनस ठरवला. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने स्वतःला सगळीकडे चार दिले आणि तो कागद रद्दीत गेला.

आता तक्ता वाचायचा कसा? प्रत्येक कामाच्या ओळीत तीन किंवा चार आकडा असलेली नावे मोजावीत. जिथे असे नाव एकच आहे आणि त्या माणसाने बावन्न ओलांडले आहेत, त्या ओळीला लाल रेघ मारावी. समजा चौतीस माणसांच्या कारखान्यात वीस कामांपैकी पाच ओळी लाल निघाल्या; तर तुमचा पुढच्या तीन वर्षांचा मनुष्यबळाचा आराखडा म्हणजे त्या पाच ओळी. बाकीचे नंतर पाहता येते. लाल ओळ शून्य निघाली, तर बहुधा आकडे उदारपणे दिले गेले आहेत, तेव्हा पुन्हा एकदा जॉब लावून पाहावा.

लाल ओळीतले कसब दुसऱ्या हातात कसे द्यायचे, हा या साऱ्या उद्योगाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. साठ मिलिमीटर शाफ्टवर बेअरिंगची बैठक घ्यायची आहे असे धरू. ड्रॉइंगवर के६ लिहिलेले असते, म्हणजे माप ६०.००२ ते ६०.०२१ मिलिमीटरच्या मध्ये आले पाहिजे. सगळी मुभा १९ मायक्रॉनची. मे महिन्याची दुपार, वर पत्रा तापलेला. आयटीआयचा मुलगा शेवटचा कट घेतो, लगेच मायक्रोमीटर लावतो, ६०.०१५ वाचतो आणि खूश होऊन जॉब उतरवायला जातो. शेजारच्या लेथवरचे काका तिथूनच म्हणतात, "रहेवा दे" (राहू दे). ते येतात, शाफ्टला हाताची पालथी बाजू लावतात आणि चहा पिऊन यायला सांगतात. चहानंतर तेच माप ६०.००१ भरते, आणि शाफ्ट नापास. कारण साधे आहे: पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन फुगते, कटच्या घर्षणाने शाफ्ट वीस अंशांनी तापला असेल, तर साठ मिलिमीटरवर १४ मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे मुभेचा तीन-चतुर्थांश हिस्सा नुसत्या उष्णतेने खाल्ला. मुलाला प्रसरणाचे सूत्र परीक्षेपुरते पाठ होते. हात लावून पाहण्याची सवय नव्हती. काकांना सूत्र माहीत नव्हते, पण गरम जॉबवर ते कधीच शेवटचे माप घेत नसत.

अशा माणसाला समोर बसवून "तुम्हाला जे येते ते लिहून द्या" असे सांगितले, तर हाती काही लागत नाही. "एमां शुं, हाथ बेसी जाय" (त्यात काय, हात बसतो) असे म्हणून ते विषय संपवतात, आणि ते लपवत नसतात. ज्ञान हातात असते, जिभेवर नसते. म्हणून उलट करावे. शिकणाऱ्याला काम करू द्यावे आणि जाणत्याला फक्त अडवण्याचे काम द्यावे. तो जिथे अडवेल तिथे तिसऱ्या माणसाने "का थांबवलेत?" एवढेच विचारून एका ओळीत नोंद करावी. एका कामाचे पाच-सहा जॉब असे पार पडले की पंधरा-वीस ओळी जमतात आणि तीच त्या कामाची पोथी होते. मोबाइलवर चित्रफीतही घ्यावी. मात्र तिच्यात हात दिसतात, कारण दिसत नाही, हे लक्षात ठेवावे.

या ओळी कामगाराच्या भाषेत लिहाव्यात; बडोद्यात ती गुजराती किंवा हिंदी असेल, क्वचित आपली मराठी. महाराजा सयाजीराव गायकवाड आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले, तेव्हा तांत्रिक विद्या लोकांच्या भाषेत देण्याचा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले, आणि पुढे त्यातूनच विद्यापीठाची तंत्रविद्या शाखा झाली. त्याच शहरातल्या कारखान्यांत आज मशीनवर इंग्रजी सूचनापत्रे चिकटवलेली दिसतात आणि ती कोणीही वाचत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

जोडी जमवताना दोन अडथळे येतात. पहिला भीतीचा: "याला शिकवले की मला काढतील." ही भीती निराधार नाही, कारण असे घडलेले प्रत्येकाने पाहिलेले असते; म्हणून शिकवणाऱ्याला अठ्ठावन्नपर्यंत नोकरी आणि त्यानंतर काही काळ काम देण्याचे लेखी आश्वासन द्यावे. दुसरा पैशाचा: जाणता माणूस नगावर मजुरी घेत असेल, तर शिकवण्यात गेलेला प्रत्येक तास त्याच्या खिशातून जातो. त्या तासांची भरपाई वेगळ्या शिकवणी-भत्त्याने करावी. निवृत्तीआधी सहा महिने जोडी लावून भागत नाही. एकावरून तीनवर माणूस आणायला माझ्या अनुभवात दोन वर्षे लागतात, अवघड कामाला तीन. बावन्नव्या वर्षी लाल रेघ मारायची ती याच हिशेबाने, वर थोडी उसंत ठेवून.

शिकणारा कुठून आणायचा? तरसाळी आणि गोरवा येथील आयटीआय जवळ आहेत. फिटर, टर्नर आणि मशिनिस्ट हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम, वेल्डर एका वर्षाचा. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा असून २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणे सक्तीचे आहे आणि चार ते एकोणतीस माणसे असतील तर ऐच्छिक. एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यायचे, आणि त्यात ठेकेदाराची माणसेही मोजायची. चौतीस माणसांच्या कारखान्याला म्हणजे एक ते पाच. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पंचवीस टक्के भाग, महिन्याला कमाल दीड हजार रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. पैसे वाचतात म्हणून अप्रेंटिस घेणारे आणि त्याच्या हाती झाडू देणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत. अप्रेंटिस लाल ओळीवरच बसवावा, आणि तक्त्यात पहिल्याच दिवशी त्याचे नाव शून्यासह लिहावे.

तो टिकेल का, हा पुढचा प्रश्न. सावली आणि हालोलकडचे मोठे कारखाने, आणि आता २८ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेला सी-२९५ विमानांचा प्रकल्प, यांच्या पगाराशी आणि कँटीनशी लहान शेडने स्पर्धा करू नये. ती हरण्याचीच आहे. लहान कारखान्याकडे एक गोष्ट मात्र आहे: मोठ्या ठिकाणी मुलगा वर्षभर एकाच मशीनवर नग चढवतो-उतरवतो, तर इथे तो ड्रॉइंगपासून डिस्पॅचपर्यंत अख्खा जॉब शिकू शकतो. हे बोलून दाखवू नये, तक्त्यात दाखवावे: सहा महिन्यांनी कोणते दोन आकडे वाढतील आणि त्यावर पगार किती वाढेल, हे त्याच्यासमोर लिहावे. दाहोद आणि छोटाउदेपूरकडून येणाऱ्या मुलांना पगाराइतकीच राहण्याच्या जागेची चिंता असते. तीन-चार कारखान्यांनी मिळून एक घर भाड्याने घेतले, तर गळती कमी होते. आमच्या दांडिया बाजारातली मुले आता लेथवर येत नाहीत, ती पुण्याला आयटीत जातात; त्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही. मुलींची वाट मात्र आपणच अडवून ठेवली आहे. सीएनसी, तपासणी आणि वायरिंग या कामांसाठी मुली मिळतात, पण आधी वेगळे स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोली बांधावी, मग जाहिरात द्यावी.

नवे येईपर्यंत जुने सांभाळावे लागतात, आणि ते फार खर्चाचे नाही. साठीतल्या डोळ्यांच्या पडद्यावर विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून मशीनवर एक जास्त दिवा आणि व्हर्निअरऐवजी डिजिटल कॅलिपर एवढ्यानेही नापास नग कमी होतात. वजन उचलायला चेनपुली, सिमेंटच्या फरशीवर रबरी चटई, आणि आळीपाळीने बसायला स्टूल. जर्मनीत डिंगॉल्फिंग येथील बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात २००७ मध्ये सरासरी सत्तेचाळीस वर्षे वयाच्या कामगारांची एक लाइन मुद्दाम बसवली गेली. लाकडी फरशी, खास बूट, भिंगे, उंची बदलणारी टेबले असे सत्तर लहान बदल केले, आणि वर्षभरात उत्पादकता सात टक्क्यांनी वाढली. त्यातले बहुतेक बदल मकरपुऱ्यातही एका महिन्यात करता येतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी मालकाने विनामूल्य करून देण्याची तरतूद आहे. तिचा उपयोग नजर आणि कान तपासण्यासाठी जरूर करावा.

अठ्ठावन्नानंतर माणूस ठेवायचा असेल, तर तोंडी व्यवहार करू नये. कर्मचारी पेन्शन योजनेत किमान दहा वर्षांची सेवा झालेल्याला अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शन मिळते, आणि ती साठीपर्यंत पुढे ढकलली तर वर्षाला चार टक्क्यांनी वाढते. हा पर्याय आहे हेच पुष्कळांना कोणी सांगत नाही. त्याने पेन्शन सुरू करून कामही चालू ठेवले, तर त्या महिन्यापासून मालकाचा पेन्शनकडे जाणारा ८.३३ टक्क्यांचा हिस्सा थांबवून तो पीएफमध्ये वळवावा लागतो. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात पगारपत्रकात ही नोंद बदलायची राहिली, अडीच वर्षे चुकीचा भरणा होत राहिला, आणि त्या फिटरचा दावा आठ महिने अडकून पडला. जन्मतारखेच्या रकान्याशेजारी 'अठ्ठावन्न पूर्ण होण्याचा महिना' असा स्वतंत्र रकाना ठेवण्याचे कारण हे. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांच्या वेतनाचा, हिशेब त्याच महिन्यात चुकता करावा आणि पुढे आठवड्यातून तीन दिवसांचा, मुदतीचा लेखी करार करावा. त्या करारात मशीनवरच्या तासांइतकेच शिकवण्याचे तास लिहावेत.

स्वतःचा तक्ता एक वर्ष चालला की शेजारच्या पाच-सहा कारखान्यांशी बोलावे. नावे काढून टाकून फक्त लाल ओळी एकत्र केल्या, तर सगळ्यांकडे तीच दोन-तीन कामे निघतात. तो कागद घेऊन आयटीआयच्या व्यवस्थापन समितीकडे जावे. तिथे उद्योगांचे प्रतिनिधी असतातच, आणि "कुशल माणसे द्या" या मोघम मागणीपेक्षा "टिग वेल्डिंगचा अल्प मुदतीचा वर्ग हवा, आम्ही मिळून बारा मुले घेतो" ही मागणी लवकर मान्य होते. माणसे पळवली जातील ही शंका लोक घेतात. पण ती आजही पळवली जातातच.

तक्ता पेन्सिलीने भरावा आणि जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सुपरवायझरसह उघडावा. त्या दिवशी दोनच गोष्टी पाहाव्यात: अठ्ठावन्नच्या रकान्यात पुढच्या छत्तीस महिन्यांत कोण येतो, आणि लाल ओळीतल्या शिकणाऱ्याचा आकडा मागच्या वेळेपेक्षा वाढला का. सलग दोन वेळा तो हलला नसेल, तर मुलाला दोष देण्याआधी त्या तीन महिन्यांत त्याला ते काम किती वेळा करायला मिळाले, हे जॉबकार्डांवरून मोजावे.